हॅना क्युबिटचं वय

टोस्ट वर आला आणि त्याच क्षणी खिडकीतला मॅरियनचा फोन वाजला. एकदाच, बारीकसा. नेव्हिल लार्टर लोण्याची सुरी हातात धरून तसाच उभा राहिला. मॅरियनला जाऊन सोळा महिने झाले होते. तिचा फोन तो दर रविवारी न चुकता चार्ज करून जिरेनियमच्या कुंडीशेजारी ठेवायचा. का, ते त्यानं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. "बाबा, आईचा फोन बंद करा आता," असं त्यांची मुलगी टेसा ब्रिस्टलहून दोनदा म्हणाली होती आणि दोन्ही वेळा त्यानं हवापाण्याचा विषय काढला होता. सुरुवातीला त्या फोनवर काहीबाही येत राहिलं, मग दातांच्या दवाखान्यानंही तिचा नाद सोडला आणि उन्हाळ्यापासून फोन मुका झाला होता. आता तो वाजला, आणि नेव्हिलला क्षणभर, अगदी क्षणभर, वाटलं की वरच्या मजल्यावरून ती ओरडेल, "अरे, बघ ना कोणाचा आहे!" वर कोणी ओरडलं नाही. बाहेर नॉरिचला जाणारी सकाळची बस चढावर गिअर बदलून निघून गेली. टोस्ट गार झाला. गार टोस्टवर लोणी पसरत नाही, ढेकळासारखं राहतं, तरी त्यानं तो तसाच खाल्ला, कारण फोन उघडायच्या आधी काहीतरी करायला हवं होतं.

एक, दोन, तीन, चार. फोन उघडायचे तिचे आकडे एवढेच. चोराला बिचाऱ्याला त्रास कशाला, म्हणायची. आलेलं पत्र त्या खेळाच्या लोकांचं होतं. जिओकॅशिंग. शेवटची सात-आठ वर्षं मॅरियनला त्याचं वेडच लागलं होतं. कोणीतरी कुठेतरी डबी लपवायची, तिचा ठावठिकाणा किंवा कोडं सगळ्यांसाठी लिहून ठेवायचं, आणि मग फोनवर नकाशा बघत जगानं ती शोधायची. सापडली की आतल्या कागदावर सही करायची आणि होती तशीच परत ठेवायची. बस्स. "मोठी माणसं लपाछपी खेळणार, आणि लपलेला तो डबा 'सापडलो' म्हणून ओरडणार पण नाही," असं नेव्हिल म्हणायचा. तो गाडी चालवायचा, ती शोधायची. सही करताना ती 'मॅरियन अधिक एक' असं लिहायची. तो अधिक एक म्हणजे गाडीत बसलेला नेव्हिल. शेकडो कागदांवर, पुलांखाली, झाडांच्या ढोल्यांत, खेड्यापाड्यांतल्या चर्चच्या कुंपणांत तो असा अधिक एक होऊन पडला होता आणि त्यातली एकही डबी त्यानं हातात घेतली नव्हती.

पत्रात लिहिलं होतं की थॅक्सबीच्या सेंट मार्गारेट चर्चजवळ तुम्ही लपवलेली डबी सलग चार जणांना सापडलेली नाही. डबी जागेवर आहे की नाही ते जाऊन पाहावं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर ही नोंद कायमची बंद करण्यात येईल. भाषा सभ्य होती. खाली लिहिणाऱ्या स्वयंसेवकाचं नुसतं टोपणनाव होतं. त्याला काय ठाऊक, मालकीण कुठे गेली ते. नेव्हिलनं ते पत्र तीनदा वाचलं. 'तुम्ही लपवलेली.' वर्तमानकाळातल्या बाईला लिहावं तसं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मॅरियनला कोणीतरी काहीतरी करायला सांगत होतं, आणि तिनं ते केलं नाही तर ती या एका जागेवरूनही जाणार होती. तिनं दुसऱ्यांच्या शेकड्यांनी डब्या शोधल्या, पण स्वतःची लपवली ती एकच.

त्यानं तिची नोंद उघडली. वर नाव होतं, 'हॅना क्युबिटचं वय'. खाली तिचं ते साधं कोडं: फाटकातून आत या. ओसरीजवळच्या हॅना क्युबिटच्या दगडावर तिचं वय वाचा. मग फाटकाशी परत या, डावीकडची भिंत धरा आणि हॅनाचं वय जितकं तितकी पावलं चाला. तिथे भिंतीत बघा. पुढे अकरा जणांनी सापडल्याचं लिहिलं होतं. एकानं विचारलं होतं, "पावलं कोणाची मोजायची? मी तर पार पुढे गेलो!" मॅरियननं उत्तर दिलं होतं, "माझी. मी ठेंगणी आहे. लांब तंगड्यांनी मागे यावं." दुसऱ्यानं लिहिलं होतं, "बाई, तुम्ही मांजर आहात का?" त्यावर तिनं नुसतं एक हसरं तोंड टाकलं होतं. मग तिची उत्तरं थांबली. आणि या वसंतापासून चार जण ओळीनं: सापडली नाही, सापडली नाही. एकानं म्हटलं होतं, हॅनाच सापडली नाही.

गाडी त्यानं विकली होती, जायला कुठे उरलं नव्हतं म्हणून. गुरुवारी तो बसनं निघाला. खिशात तिचा फोन, पिशवीत थर्मास, चीज-लोणच्याचं सँडविच आणि आत कोरा कागद घातलेली एक काळी डबी. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची, तिनं वापरली होती तिच्याच जोडीची. नाहीच सापडली तर नवी ठेवू, असं त्यानं ठरवलं होतं. पण नवी ठेवायची तरी कुठे, हे कळायला जुनी जागा कळायला हवी, आणि ती तर त्याला ठाऊक नव्हती. बस बीटाच्या शेतांमधून जात होती, रस्त्यावर ट्रॅक्टरनं चिखल सांडला होता, आणि नेव्हिल तो शनिवार आठवत होता. दोन वर्षांपूर्वीचा, असाच ऑक्टोबर. चर्चच्या बाहेर रस्त्याच्या कडेला त्यानं गाडी लावली होती. रेडिओवर नॉरिचची मॅच होती. "येतोस का?" तिनं दार उघडून विचारलं. "सामना संपू दे," तो म्हणाला. "सामना संपेपर्यंत मी म्हातारी होईन." "झालीच आहेस." ती हसली आणि दार लावून गेली. वारा होता म्हणून त्यानं काच वर केली. ती गेली ती गेलीच. पहिला हाफ संपला, दुसरा सुरू झाला, नॉरिचनं एक गोल खाल्ला. ती परत आली तेव्हा त्याचं डोकं तापलेलं होतं. "डबी लपवत होतीस की चर्च बांधत होतीस?" ती बसली, पट्टा लावायला तिला जरा वेळ लागला, आणि म्हणाली, "भिंत लांब आहे रे." मग थर्मासातला सगळा चहा तिनं एकटीनं संपवला. घरी येताना वाटेत कधीतरी म्हणाली, "ती हॅना माझ्याच वयाची होती, बघ. चौसष्ट." तो म्हणाला, "हं." जानेवारीत डॉक्टरांनी त्या दोघांना खुर्च्यांवर बसवलं, जूनमध्ये ती गेली. त्या 'हं'च्या जागी काय म्हणता आलं असतं, याचा त्यानं नंतर पुष्कळ विचार केला होता. काहीही चाललं असतं.

थॅक्सबीला उतरणारा तो एकटाच. फाटकाच्या छपराखाली थांबून त्यानं टोपी नीट केली आणि हॅनाला शोधायला लागला. ओसरीजवळ पाच-सहा दगड होते, पण उभे दोनच. बाकीचे गवतात आडवे, पाठ आकाशाकडे करून. पाठीवर कसलं वय आणि कसलं नाव. तो एका दगडावर वाकून बोटांनी शेवाळ खरवडत होता तेवढ्यात मागून आवाज आला.

"खालून वाचायचंय का? मग खालीच जावं लागेल, पोरा. घाई करू नकोस."

ऐंशी पार केलेली एक बाई होती, पायात रबरी बूट, हातात वाळलेल्या फुलांची बादली. या चर्चची देखरेख तिच्याकडे होती. पर्ल गॉट्स तिचं नाव. बहात्तराव्या वर्षी कोणी 'पोरा' म्हणावं याची नेव्हिलला गंमत वाटली.

"हे सगळे असे पडले कसे?" त्यानं विचारलं.

"पडले नाहीत, पाडले. मार्चमध्ये तपासणीवाले आले. दोन तगडे गडी. प्रत्येक दगडाला ढकलून बघायचं. हलला की झोपवायचा, म्हणजे कोणाच्या अंगावर पडायला नको. दोनशे वर्षांत एक मांजरसुद्धा मेलं नाही याच्याखाली! पण नियम. मेलेल्यांना दुसऱ्यांदा झोपवून गेले. पुन्हा उभे करायला परवानगी लागते, ती येईल तेव्हा मी पण यांच्यातच असेन." तिनं बादली खाली ठेवली. "तू त्या डबीवाल्यांपैकी का? भिंतीला नाकं लावून फिरतात ते?"

"नाही. म्हणजे, डबी माझ्या बायकोची आहे."

"ठेंगणी? निळी टोपी?" पर्ल म्हणाली. "आली होती माझ्याकडे परवानगी मागायला. बाकीचे कोणी विचारत नाहीत. हिनं विचारलं आणि वर सीड केक आणला. केक कोरडा होता, खरं सांगते."

"तिचा केक कोरडाच व्हायचा."

"कशी आहे ती?"

नेव्हिलनं टोपी काढली. पर्लनं त्याच्याकडे बघितलं आणि बादली उचलली. "हॅना म्हणजे तो डावीकडचा," ती म्हणाली, "ज्याच्यावर तू उभा आहेस." आणि ओसरीकडे वळली.

वय तर त्याला ठाऊक होतं. चौसष्ट. जगात ते आता त्याला एकट्यालाच ठाऊक होतं, असं म्हटलं तरी चाललं असतं. तो फाटकाशी गेला, डावा हात भिंतीवर ठेवला आणि निघाला. गारगोट्यांची भिंत, कमरेएवढी, खाचाखाचांतून चुना गळालेला. चौसष्ट पावलं झाली तेव्हा तो कोपऱ्यात, कुजलेल्या पुष्पचक्रांच्या ढिगाशी पोचला होता. ही पावलं त्याची. अर्थात. तो स्वतःवर चरफडला आणि परत फाटकाशी आला. मॅरियनचं पाऊल त्याला ठाऊक नसेल तर कोणाला असेल? तेवीस वर्षं त्यानं बुटांच्या कारखान्यात चामड्याचे तळ कापले होते. कारखाना बंद पडला तेव्हा शाळेत शिपाई झाला, पण माणूस रस्त्यानं जाताना आधी त्याचे पाय बघायची खोड गेली नाही. मॅरियनचं माप चार. डावी टाच बाहेरून झिजायची. त्याची तीन पावलं म्हणजे तिची चार, हे गणित त्याच्या पायांत एकेचाळीस वर्षं होतं. बाजारात तो पुढे जायचा, थांबायचा, ती यायची, "घोड्यासारखा चालतोस" म्हणायची. त्यानं पावलं आखडली, तिच्यासारखी, जराशी पटपट. चौसष्टाव्या पावलाला हॉलीचं झुडूप होतं. त्यानं झुडपात हात घातला. खाच न् खाच चाचपली. बोटं सोलवटली, एका खाचेतून गोगलगाय निघाली, दुसरीतून चॉकलेटचा कागद. अर्धा तास गेला असेल. डबी नव्हती. कोणीतरी नेली असणार. किंवा भिंतीची डागडुजी झाली असेल. किंवा तो स्वतःच तिचं पाऊल विसरला होता. आवाज विसरतो म्हणतात माणूस, आधी आवाज जातो. तिचा आवाज त्याला अजून येत होता. पण पाऊल जर गेलं असेल, आणि गेलेलं आपल्याला कळलंही नसेल, तर आणखी काय काय गेलं असेल?

बाकावर बसून त्यानं अर्धं सँडविच खाल्लं. पिशवीतली नवी डबी काढून हातात फिरवली. ही हॉलीखाली ठेवायची, 'दुरुस्ती केली' असं लिहायचं, की काम झालं. खेळात असं करणारे असतात. डबी सापडली नाही की स्वतःचीच टाकून जातात आणि सापडली म्हणून सही करतात. मॅरियनला त्यांचा फार राग. "चोर बरा," म्हणायची, "तो निदान खरी नेतो. हे खोटी ठेवतात." त्यानं डबी परत पिशवीत टाकली.

"पोरा, जरा हात दे," पर्ल ओसरीतून म्हणाली. "पानांनी वाट निसरडी झालीय आणि हे कंबरडं माझं ऐकत नाही. फाटकापर्यंत सोड, पुढे मी माझी."

तो उठला. तिच्या कोपराखाली त्याचा हात गेला तो न सांगता गेला. बोटं कुठे धरायची, किती दाबायचं, भार कुठल्या पायावर घ्यायचा, सगळं हाताला पाठ होतं. आणि पायांनाही. हॉस्पिटलच्या त्या लांब हिरवट वाटेवर ते दोघं मार्चपासून मेपर्यंत असे चालले होते. एक पाऊल टाकायचं, दुसरं त्याच्या जरासंच पुढे ठेवायचं, जेमतेम जोड्याच्या लांबीएवढं, आणि मग श्वासभर थांबायचं. खिडकीपाशी ती म्हणायची, "ओव्हरटेक करू नकोस." पहिले काही दिवस त्याला ते जमलं नाही, त्याचे पाय पुढे पळायचे. मग जमलं. इतकं जमलं की ती गेल्यावर महिनाभर तो रस्त्यानंही तसाच चालत होता आणि मागची माणसं वैतागून पुढे जात होती.

"कोणाला तरी पुष्कळ चालवलंयस तू," पर्ल म्हणाली.

"हो."

"कळतं. माझा जावई धरतो तर वाटतं, पोलिसानं पकडलंय."

फाटकाशी तिनं हात सोडवून घेतला आणि बादली हलवत रस्त्याला लागली. नेव्हिल तिथेच राहिला. पाय अजून त्या चालीतच होते. त्याला काही सुचलं असं म्हणता येणार नाही. डावा हात भिंतीवर होता आणि पाय निघाले, एवढंच. एक. दोन. उजव्या हाताची बोटं हवेत वाकलेली राहिली, कोपर धरल्यासारखी. भिंत खरोखरच लांब होती. या चालीनं ती संपेचना. विसाव्या पावलाला तो थांबला, कारण विसाव्याला थांबायची सवय होती. बत्तिसाव्याला यूच्या झाडाची सावली आली. पन्नास झाली तेव्हा त्याला एकदम नको वाटायला लागलं. डबी इथे असू नये असं वाटायला लागलं. तो शनिवार ऑक्टोबरातला होता. जानेवारीच्या आधीचा. तेव्हा ती धडधाकट होती, जिना चढत होती, सीड केक करत होती. तेव्हाची पावलं ही नव्हेत. ही नंतरची. ही तिची असूच शकत नाहीत, त्यानं स्वतःला सांगितलं, आणि मोजत राहिला. बासष्ट. त्रेसष्ट. चौसष्ट.

समोर गुडघ्याच्या उंचीवर एक गारगोटी बाकीच्यांहून जरा सैल होती. ती ओढली तशी निघाली. आत काळी डबी होती.

त्यानं लगेच उघडली नाही. भिंतीला टेकून, हातात धरून उभा राहिला. म्हणजे ऑक्टोबरमध्येच ती अशी चालत होती. घरात, त्याच्यासमोर, पाय उचलून चालायची. इथे, कोणी बघत नसताना, अशी. कधीपासून? उन्हाळ्यापासून? तिला ठाऊक होतं का, की नुसतं दुखत होतं आणि ती बोलली नव्हती? तेवीस वर्षं लोकांचे पाय बघणारा माणूस, त्यानं घरातले पाय बघितले नाहीत. आणि तिनंही कोडं लिहिताना खोटं लिहिलं नाही, हेही होतंच. माझी पावलं, असं लिहिलं. त्या दिवशी जी होती ती. अकरा अनोळखी माणसं भिंत चाचपत मागे मागे येऊन इथे पोचली होती आणि बाई मांजर आहे का म्हणून हसली होती.

मग त्यानं मान वर केली आणि त्याला रस्ता दिसला. भिंत इथे खचून आणखी बुटकी झाली होती. पलीकडे गवताची पट्टी, आणि तिच्यापलीकडे ती जागा, जिथे त्यानं त्या दिवशी गाडी लावली होती. चार-पाच हातांवर. इथून तिला तो दिसत असणार. काचेआड, रेडिओकडे झुकलेला, नॉरिचवर चिडलेला. काच खाली असती तर साध्या आवाजातली हाकसुद्धा ऐकू आली असती. तिनं मारली होती का? तो पुष्कळ वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. एक ट्रॅक्टर आला, त्यावरून गेला.

डबीतला कागद कोरडा होता. वर तिचं अक्षर, शाळकरी, गोल: 'शाब्बास! सही करा आणि होती तशी परत ठेवा.' खाली अकरा सह्या. कागद घरी न्यावा असं त्याला फार वाटलं. नुसतं वाटलं नाही, त्यानं तो घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलासुद्धा. पिशवीत नवी डबी होती, तिच्यात कोरा कागद होता. कोणाला काय कळणार होतं? मग त्यानं तो पुन्हा बाहेर काढला, गुडघ्यावर ठेवला आणि शेवटच्या सहीखाली लिहायला लागला. आधी तारीख. मग नाव लिहायचं होतं, 'नेव्हिल लार्टर'. पेन्सिल टेकवली, थांबला, आणि लिहिलं, 'अधिक एक'. कागद गुंडाळला, डबीचं झाकण दोनदा दाबून बघितलं, डबी खाचेत सरकवली आणि गारगोटी होती तशी लावली.

तिचा फोन काढून भिंतीशीच उभं राहून त्यानं उत्तर टाइप केलं. एका बोटानं, चुका करत, पुसत. 'डबी जागेवर आहे. हॅनाचा दगड आडवा केलाय, म्हणून इथे लिहितो: वय चौसष्ट.' धाडायला बोट उचललं आणि पुन्हा खाली आणलं. आणखी एक ओळ राहिली होती.

'पावलं अगदी लहान टाका. मध्ये थांबावंसं वाटलं तर थांबा, तीही थांबली होती. आणि कोणाला गाडीत बसवून आला असाल, तर त्याला बरोबर घ्या.'